अर्धा हंगाम, पूर्ण चषक

६ जून २००७ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम डक्स या संघाने ऑटावा सेनेटर्सचा पराभव करून स्टॅन्ली चषक जिंकला. आइस हॉकीत याहून मोठा सन्मान नाही. चषक प्रथम स्वीकारला कर्णधार स्कॉट नीडरमायरने आणि त्याने तो सोपवला सख्ख्या धाकट्या भावाच्या, रॉबच्या हाती. स्कॉटचा हा चौथा चषक होता आणि बाद फेऱ्यांतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला होता. संघातला दुसरा तारा म्हणजे फिनलंडचा टीमू सेलाने. वयाची सदतिशी गाठत आलेल्या सेलानेला चौदा हंगामांनंतर प्रथमच हा चषक मिळाला होता.

सप्टेंबरमध्ये नव्या हंगामाचे सराव शिबिर भरले तेव्हा हे दोघेही तिथे नव्हते. निवृत्ती कोणीच जाहीर केली नव्हती. खेळायचे की थांबायचे, हा निर्णय दोघांनीही लांबणीवर टाकला होता. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. डिसेंबरच्या मध्यावर नीडरमायर परतला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेलाने. एक ८२ पैकी ४८ सामने खेळला, दुसरा २६. संघाने त्यांच्याशी भांडण केले नाही, उलट दोघांची वाट पाहिली.

कुठल्याही नोकरीत तीन-चार महिने न सांगता घरी बसलेल्या माणसाचे असे स्वागत होत नाही. मग अमेरिका आणि कॅनडात चालणाऱ्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ते कसे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या लीगचे गणित, तिची तिजोरी आणि तिचे नियम असे तिन्ही उलगडत जातात.

ऐंशी सामन्यांची चाळणी

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरवे मैदान आणि पांढरा चेंडू डोळ्यांसमोर येतो. इथली हॉकी बर्फावरची आहे. पायांत स्केट्स, चेंडूऐवजी रबराची काळी चकती, एका वेळी गोलरक्षकासह सहा खेळाडू आणि सामना साठ मिनिटांचा. वेग इतका की खेळाडू एका दमात जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर राहतो आणि बाकावर परततो. नीडरमायरसारखा अव्वल बचावपटू अशा तुकड्यातुकड्यांनी सामन्यात पंचवीस मिनिटांच्या वर खेळतो. त्यात धडका असतात आणि अंगावर घेतलेले फटके असतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या संघांना तर सतत लांबचे विमानप्रवास करावे लागतात. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात असे ८२ साखळी सामने होतात.

एवढे करून साखळीत ठरते काय? आज लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि त्यांतले १६ बाद फेऱ्यांत जातात. २००७ साली ३० पैकी १६ जात. म्हणजे सहा महिन्यांच्या चाळणीतून निम्मे संघ आरपार पडतात. खरी लढाई त्यानंतरची. चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सातपैकी चार सामने जिंकणाऱ्याची. चषकासाठी एकूण सोळा विजय लागतात आणि ते एप्रिल ते जून या दोन महिन्यांत मिळवावे लागतात.

मजबूत संघाला ऑक्टोबरमधल्या एखाद्या पराभवाची फारशी झळ बसत नाही. चौतिशीतल्या बचावपटूचा गुडघा मात्र त्याच सामन्यात कायमचा जाऊ शकतो. ताऱ्याने शरद ऋतूत विश्रांती घ्यावी आणि वसंतात ताज्या पायांनी यावे, हा विचार इथूनच जन्माला येतो. तसा तो वेडगळ नाही. पण तो अमलात आणायचा तर तिजोरीची परवानगी लागते.

दिवसागणिक मोजली जाणारी तिजोरी

२००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्यातल्या तंट्यामुळे रद्द झाला. त्या तंट्यातून एनएचएलमध्ये वेतनमर्यादा आली. कोणत्याही संघाने खेळाडूंवर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. पहिल्या वर्षी ही मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २००७-०८ मध्ये ती ५ कोटी ३ लाख झाली.

आयपीएलच्या लिलावातली ‘पर्स’ आपल्या ओळखीची आहे. तिथे लिलावाच्या टेबलावरच हिशेब मिटतो. एनएचएलचा हिशेब मात्र हंगामभर रोज चालतो. खेळाडूचा वार्षिक आकडा हंगामाच्या दिवसांत वाटला जातो आणि तो जितके दिवस संघात असेल तितक्याच दिवसांचा भार संघावर पडतो. हंगामाच्या मध्यावर आलेला तारा त्या वर्षापुरता निम्म्या भारात पडतो.

नीडरमायरचा करार वर्षाला ६७ लाख ५० हजार डॉलरचा होता. तो शिबिराला आला नाही तेव्हा डक्सने त्याला रीतसर निलंबित केले. ही शिक्षा नव्हती, हिशेबाची सोय होती, कारण निलंबित खेळाडूचा आकडा मर्यादेत धरला जात नाही. त्याआधीच उन्हाळ्यात, तो परतेल की नाही याची खात्री नसताना, व्यवस्थापक ब्रायन बर्क यांनी अनुभवी बचावपटू मॅथ्यू श्नायडरला मोठ्या रकमेवर घेतले होते. आक्रमणासाठी टॉड बर्टुझीही आला होता.

डिसेंबरमध्ये नीडरमायर ‘येतो’ म्हणाला तेव्हा तिजोरीत जागा उरली नव्हती. १४ डिसेंबर रोजी डक्सने अँडी मॅकडोनाल्डला सेंट लुइसच्या संघाकडे पाठवले. मॅकडोनाल्ड सहा महिन्यांपूर्वीच्या विजेत्या संघातला महत्त्वाचा आक्रमक होता आणि ऑक्टोबरपासून प्रत्येक सामन्याला हजर होता. जो घरी होता त्याच्यासाठी, जो कामावर होता तो गेला.

हा व्यवहार लक्षात ठेवावा. पुढच्या साऱ्या गोष्टींची किल्ली त्यात आहे.

दमलेले तारे

डक्सने त्या हंगामात साखळीच्या तक्त्यात १०२ गुण मिळवले. एप्रिलमध्ये दोन्ही तारे ताजेतवाने होते. तरी डॅलसने त्यांना पहिल्याच फेरीत सहा सामन्यांत घरी पाठवले.

त्याच हंगामात स्वीडनचा पीटर फोर्सबर्गही असाच उशिरा आला. पावलाच्या जुन्या दुखण्याने तो बेजार होता आणि महिनोन्‌महिने कोणत्याच संघाशी बांधला गेला नव्हता. २५ फेब्रुवारी २००८ रोजी त्याने आपल्या जुन्या कोलोरॅडो संघाशी करार केला. तारीख सहज निवडलेली नव्हती. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती आणि त्यानंतर करारबद्ध झालेल्याला बाद फेऱ्यांत उतरता येत नाही. साखळीतल्या नऊ सामन्यांत त्याने चौदा गुण मिळवले. (आइस हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्यासाठी पास देणाऱ्यालाही एक गुण मिळतो.) नऊ सामन्यांत चौदा म्हणजे बहारच. पण दुसऱ्या फेरीत डेट्रॉइटने कोलोरॅडोला सलग चार सामन्यांत हरवले.

पुढच्या वर्षी मॅट्स सुंदिन. टोरोंटोचा हा कर्णधार तेरा हंगाम त्या शहरात खेळला होता. २००८ च्या फेब्रुवारीत टोरोंटोने त्याला एखाद्या तगड्या संघाकडे पाठवायचे ठरवले, तेव्हा करारातल्या अधिकाराचा वापर करून त्याने नकार दिला. हंगामाची सुरुवात एका संघाबरोबर करायची आणि चषकासाठी शेवटी दुसऱ्याच्या गाडीत बसायचे, हे त्याला पटत नव्हते. उन्हाळ्यात करार संपला. व्हँकुव्हरने दोन वर्षांसाठी २ कोटी डॉलर देऊ केले, पण सुंदिन विचारच करत राहिला. अखेर १८ डिसेंबर २००८ रोजी त्याने व्हँकुव्हरशीच एका वर्षाचा करार केला आणि जानेवारीत पहिला सामना खेळला. ज्या माणसाने हंगामाच्या शेवटी दुसऱ्या संघात जाण्याला तत्त्वाने नकार दिला, तोच दहा महिन्यांनी अर्ध्या हंगामाला दुसऱ्या संघात दाखल झाला. टोरोंटोच्या प्रेक्षकांना हा विरोधाभास बोचला नसता तरच नवल. ४१ सामन्यांत २८ गुण, दुसऱ्या फेरीत शिकागोकडून पराभव आणि सप्टेंबरमध्ये निवृत्ती, असा तो शेवट झाला.

चार थोर खेळाडू, चौघांचेही पाय ताजे, आणि चषक एकालाही नाही. विश्रांतीचा हिशेब कागदावर बरोबर असतो, पण त्यात एक गोष्ट सुटते. आइस हॉकीत पास देताना सोबत्याकडे बघायला वेळ नसतो. तो कुठे असेल हे आधीच माहीत असावे लागते, आणि ते ज्ञान ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कंटाळवाण्या सामन्यांतच तयार होते.

रुसलेले तारे

घरी बसण्याचा दुसरा प्रकार भांडणाचा. यात तारा विश्रांती घेत नाही, हत्यार उपसतो.

पावेल बुरे हा रशियन आक्रमक व्हँकुव्हरसाठी दोन हंगामांत प्रत्येकी साठ गोल करून बसला होता. १९९८ मध्ये त्याने या संघातून खेळणार नाही असे सांगितले आणि तो हंगामाला आलाच नाही. १७ जानेवारी १९९९ रोजी व्हँकुव्हरने त्याला फ्लोरिडाला दिले. तिथे अकरा सामन्यांत तेरा गोल करून तो दुखापतीने थांबला आणि पुढच्या दोन हंगामांत ५८ आणि ५९ गोल करून लीगमध्ये अव्वल ठरला. रुसण्याचा फायदा झालेला खेळाडू शोधायचा तर बुरेचे नाव आधी येते.

ऑटावाच्या अलेक्सेई याशिनने हेच हत्यार उचलले आणि ते त्याच्यावरच उलटले. १९९८-९९ मध्ये कर्णधार म्हणून त्याने ४४ गोल केले होते. करारात ३६ लाख डॉलरचे एक वर्ष बाकी होते. त्याला नवा, मोठा करार हवा होता. संघाने नकार दिला तेव्हा तो १९९९-२००० चा संपूर्ण हंगाम घरी बसला. त्याचा समज असा की वर्ष सरले, करारही सरला. प्रकरण लवादाकडे गेले आणि २००० च्या जूनमध्ये निकाल लागला : तुम्ही एक वर्ष देणे लागता, आणि ते जुन्याच पगारावर फेडायचे आहे. याशिन परतला तेव्हा कर्णधारपद डॅनियल आल्फ्रेडसनकडे गेले होते. घरच्याच प्रेक्षकांची हुर्यो ऐकत त्याने ते वर्ष काढले.

या कथेचा उत्तरार्धही बोलका आहे. २००१ मध्ये ऑटावाने त्याला न्यूयॉर्क आयलंडर्सना दिले आणि बदल्यात उंचापुरा बचावपटू झ्देनो खारा, आणखी एक खेळाडू आणि नवोदितांच्या निवडीतला दुसरा क्रमांक घेतला. त्या क्रमांकावर त्यांनी जेसन स्पेझ्झाला निवडले. आयलंडर्सनी याशिनला दहा वर्षांसाठी ८ कोटी ७५ लाख डॉलर कबूल केले आणि २००७ मध्ये कंटाळून उरलेला करार पैसे देऊन मोडला. त्याच वर्षी ऑटावा अंतिम फेरीत अ‍ॅनाहाइमसमोर उभा होता, आल्फ्रेडसन आणि स्पेझ्झाला घेऊन.

नंतरच्या नियमांनी या हत्याराची धार आणखी बोथट केली. पहिला करार संपलेला तरुण खेळाडू आपल्या संघाशी १ डिसेंबरपर्यंत सही करणार नसेल, तर त्या हंगामात तो एनएचएलमध्ये खेळूच शकत नाही. टोरोंटोच्या विल्यम नीलँडरने २०१८ मध्ये ही मर्यादा अगदी शेवटपर्यंत ताणली. १ डिसेंबरला संध्याकाळी पाचची मुदत, आणि काही मिनिटे उरली असताना सही. सहा वर्षांचा, सुमारे साडेचार कोटी डॉलरचा करार त्याने पदरात पाडला. हंगामाच्या मध्ये सही झाल्याने मर्यादेच्या हिशेबात पहिल्या वर्षीचा त्याचा आकडा १ कोटी २ लाखांवर गेला आणि पुढच्या वर्षांत तो ७० लाखांच्या आत आला. पैशाच्या बाबतीत दोघांचेही जमले. खेळाच्या बाबतीत मात्र आधीच्या दोन हंगामांत प्रत्येकी ६१ गुण मिळवणारा नीलँडर त्या वर्षी ५४ सामन्यांत २७ गुणांवर अडकला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जे हातून सुटते ते डिसेंबरमध्ये विकत मिळत नाही, हे इथेही दिसले.

दुखापतीच्या यादीतले तारे

तिसरा प्रकार सर्वांत वादग्रस्त आणि सर्वांत यशस्वी.

खेळाडू किमान दहा सामने आणि चोवीस दिवस खेळू शकणार नसेल तर संघ त्याला दीर्घकालीन दुखापतीच्या यादीत टाकू शकतो. मग त्याच्या वेतनाएवढी रक्कम मर्यादेच्या वर जाऊन खर्च करण्याची मुभा २०२५ पर्यंत मिळत असे. नियम न्याय्य होता, कारण एका मोडलेल्या हाडाने अख्ख्या संघाचा हंगाम बुडू नये. पण त्याला एक खिंडार होते. मर्यादेचा हिशेब फक्त साखळी हंगामाच्या दिवसांचा होता. खेळाडूंचा पगार तेवढ्याच दिवसांत चुकता होतो आणि बाद फेऱ्यांत त्यांना पगार नसतो, फक्त लीगच्या बक्षीस निधीतला वाटा मिळतो. पगार नाही म्हणून मर्यादाही नव्हती. तेव्हा तारा एप्रिलपर्यंत यादीत राहिला आणि बाद फेरीच्या पहिल्या दिवशी बरा झाला, तर तोही खेळायचा आणि त्याच्या पैशात आणलेला बदली खेळाडूही खेळायचा.

२४ फेब्रुवारी २०१५ रोजी शिकागोच्या पॅट्रिक केनच्या खांद्याचे हाड मोडले. मोकळ्या झालेल्या पैशातून शिकागोने चार दिवसांत किमो टिमोनेन आणि आंत्वान वर्मेट यांना आणले. केन बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात परतला. शिकागोने चषक जिंकला आणि अंतिम मालिकेतल्या दोन सामन्यांत निर्णायक गोल वर्मेटचा होता. हरलेला संघ होता टॅम्पा बे.

टॅम्पाने हा धडा सहा वर्षांनी गिरवला. २०२० च्या डिसेंबरअखेर त्यांच्या निकिता कुचेरोव्हच्या नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. महामारीमुळे ५६ सामन्यांचा केलेला संपूर्ण साखळी हंगाम तो बाहेर होता. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात त्याने तीन गुण मिळवले आणि एकूण ३२ गुणांसह तो सर्वांत पुढे राहिला. त्या वेळी संघाचे एकूण वेतन ८ कोटी १५ लाखांच्या मर्यादेपेक्षा सुमारे १ कोटी ८० लाखांनी जास्त होते. पराभूत प्रतिस्पर्ध्यांनी हा आकडा बोलून दाखवला. चषक जिंकल्यावर कुचेरोव्हने तोच आकडा छापलेला टी-शर्ट घालून मिरवला. लीगने चौकशी केली आणि नियमभंग झालेला नाही असे सांगितले. ते खरेही होते.

२०२३ मध्ये लास व्हेगासचा कर्णधार मार्क स्टोन पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे जानेवारीत बाहेर गेला. संघाने फेब्रुवारीत इव्हान बार्बाशेव्हला आणले. स्टोन बाद फेरीला परतला आणि १३ जून रोजी चषक जिंकून देणाऱ्या सामन्यात त्याने तीन गोल केले. २०२५ मध्ये फ्लोरिडाचा मॅथ्यू कचक फेब्रुवारीत जखमी झाला. संघाने मार्चमध्ये सेथ जोन्स आणि ब्रॅड मर्शांड यांना घेतले. कचक पहिल्या फेरीच्या पहिल्या सामन्यात परतला, त्याने दोन गोल केले, आणि समोर होता टॅम्पा बे! जूनमध्ये चषक फ्लोरिडाकडे गेला. अंतिम मालिकेत मर्शांडने एकट्याने सहा गोल केले होते.

कुचेरोव्ह, स्टोन आणि कचक या तिघांचेही करार अगदी एकसारखे होते : आठ वर्षे, ७ कोटी ६० लाख डॉलर. म्हणजे वर्षाला ९५ लाख. प्रत्येक संघाला तेवढ्या रकमेची जागा मोकळी मिळाली होती. २०२१ ते २०२५ या काळातल्या पाचपैकी तीन चषकांमागे हे गणित आहे. दुखापती खऱ्या होत्या, शस्त्रक्रियाही खऱ्या होत्या. शंका होती ती बरे होण्याच्या तारखेबद्दल.

हमखास यशाची हमी मात्र यातही नव्हती. २०२४ मध्ये स्टोन प्लीहेच्या दुखापतीने पुन्हा बाहेर गेला, व्हेगासने पुन्हा तीन मोठे खेळाडू आणले, स्टोन पुन्हा पहिल्या सामन्याला आला, आणि डॅलसने त्यांना पहिल्याच फेरीत हरवले.

खिंडार बुजवले जाते

२०२५ च्या उन्हाळ्यात लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा सामूहिक करार झाला. त्यातली दोन कलमे वेळेआधीच, २०२५-२६ च्या हंगामापासून लागू करण्यात आली. पहिले कलम असे की आता बाद फेऱ्यांतही मर्यादा पाळायची. सामन्याला उतरणाऱ्या वीस जणांच्या वेतनाची बेरीज मर्यादेच्या आत हवी; २०२५-२६ साठी ती मर्यादा ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. दुसरे असे की जखमी तारा त्याच हंगामात परतणार असेल, तर त्याच्या बदल्यात त्याचे पूर्ण वेतन खर्च करता येणार नाही. लीगमधल्या सरासरी पगाराएवढीच सूट मिळेल. तारा बाद फेऱ्यांसह संपूर्ण हंगामातून बाद असेल तरच पूर्ण रक्कम मोकळी होईल. थोडक्यात, एप्रिलमध्ये बरे होण्याची किंमत आता मोजावी लागणार आहे.

तिन्ही प्रकार शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. नीडरमायर, सेलाने, फोर्सबर्ग आणि सुंदिन विश्रांती घेऊन आले, चषक मिळाला नाही. रुसणाऱ्यांत बुरेचे फावले, पण याशिनचे एक वर्ष आणि कर्णधारपद गेले आणि नीलँडरच्या खेळाने त्या वर्षाची किंमत मोजली. केन, कुचेरोव्ह, स्टोन आणि कचक परतले तेव्हा मात्र, स्टोनचे २०२४ चे वर्ष सोडता, चषक आले. पहिल्या गटातले तारे काही कमी दर्जाचे नव्हते. फरक होता तो तारा परतल्यावर काय घडले यात. नीडरमायर आला तेव्हा मॅकडोनाल्डला जावे लागले. केन आला तेव्हा वर्मेट राहिला, स्टोन आला तेव्हा बार्बाशेव्ह राहिला, कचक आला तेव्हा मर्शांड राहिला.

घरी बसलेल्या ताऱ्याने स्वतःच्या विश्रांतीवर चषक जिंकल्याचे उदाहरण या साऱ्यांत एकही नाही. चषक जिंकून दिला तो त्याच्या रिकाम्या जागेवर आलेल्या आणि तो परतल्यावरही टिकलेल्या माणसाने. नव्या नियमाने नेमका तोच माणूस महाग केला आहे.